किल्ट आणि किल्ले सोडून: जुन्या फोटोंच्या संग्रहांतलं स्कॉटलंड

दगडफूल | 12 जुलै, 22:40

पायाला प्लास्टर, बाहेर धो धो पाऊस, आणि "तू अजिबात उठायचं नाहीस" असा घरच्यांचा दम. अशा वेळी माणूस काय करेल? मी स्कॉटलंडला गेले. तीन आठवडे झाले, अजून परतले नाहीये.

निमित्त भाचीचं. ती ॲबर्डीनला शिकायला गेली आणि पहिल्याच फोनवर म्हणाली, "मावशी, इथे अख्खं गाव एकाच करड्या दगडाचं आहे गं." तो ग्रॅनाइट जुन्या फोटोंत कसा दिसतो ते बघायला गेले, तर ॲबर्डीन विद्यापीठाच्या संग्रहात जॉर्ज वॉशिंग्टन विल्सन भेटला. नाव अमेरिकन, माणूस अस्सल तिथला, राणी व्हिक्टोरियाचा फोटोग्राफर. त्याच्या कंपनीच्या 37,000 हून जास्त काचेच्या निगेटिव्ह विद्यापीठाने जपल्यात आणि त्या आपल्याला घरबसल्या चाळता येतात.

पहिले चार दिवस मी पर्यटकासारखी फिरले. किल्ले, किल्ट, बॅगपाइप, धुक्यातली तळी. मग कंटाळले. कंटाळा येणारच होता म्हणा, कारण विल्सन काय किंवा डंडीचा व्हॅलेंटाइन काय, ही मंडळी विकायला फोटो काढत होती. आगगाडीने आलेल्या पाहुण्याला आठवण म्हणून जे घरी न्यावंसं वाटेल, तेच त्यांच्या काचेवर उतरलं.

पाचव्या दिवशी कुठलं तरी बटण चुकून दाबलं गेलं आणि समोर न्यूहेवनच्या मासेवाल्या उभ्या राहिल्या. न्यूहेवन म्हणजे एडिंबरोला लागून असलेलं कोळ्यांचं गाव. फोटो 1840च्या दशकातले! काढणारे दोघे, डेव्हिड ऑक्टेव्हियस हिल आणि रॉबर्ट ॲडमसन.

त्यांची गोष्ट सांगितल्याशिवाय राहवत नाही. 1843मध्ये तिथल्या चर्चमध्ये मोठी फूट पडली. पाद्री कोणी नेमायचा, गावाने की जमीनदाराने, हा वाद. साडेचारशेच्या वर पाद्री पगार आणि घरदार सोडून बाहेर पडले. हिल हा चित्रकार. त्याने ठरवलं, या सगळ्यांचं एक भव्य चित्र काढायचं. इतके चेहरे लक्षात कसे राहणार? शास्त्रज्ञ डेव्हिड ब्रूस्टरने सुचवलं की फोटो काढून ठेव, आणि ॲडमसन नावाच्या विशीतल्या पोराशी गाठ घालून दिली. कागदाच्या निगेटिव्हची ही रीत इंग्रज संशोधक टॅल्बटची. त्याचं पेटंट इंग्लंडात लागू होतं, स्कॉटलंडात नव्हतं. त्यामुळे यांना रान मोकळं! एडिंबरोच्या कॅल्टन टेकडीवर रॉक हाउस नावाच्या घरात दोघांनी पाचेक वर्षांत सुमारे 3,000 फोटो काढले. 1848च्या जानेवारीत ॲडमसन गेला, 26 वर्षांचा. हिलचं चित्र पुरं व्हायला 1866 उजाडलं. ते चित्र मी पाहिलं. खरं सांगू? गर्दी आहे नुसती. फोटोंच्या पासंगालाही पुरत नाही.

न्यूहेवनच्या बायकांच्या अंगावर उभ्या पट्ट्यांचे घागरे आहेत, एकावर एक. कमरेशी त्यांचा जाड घोळ खोचलेला. तो नखऱ्यासाठी नसतो, त्या घोळावर टोपली टेकते. मोठी वेताची टोपली पाठीवर, तिचा पट्टा कपाळावरून. तशाच चालत एडिंबरोत जाऊन दारोदार विकायच्या. फोटोत त्या एकमेकींच्या खांद्यावर रेललेल्या दिसतात त्याचंही कारण आहे. उन्हात मिनिटभर, कधी त्याहून जास्त वेळ, न हलता राहावं लागे. म्हणून प्रत्येकाला कशाचा ना कशाचा टेकू. "खोलीतले" म्हणून दिसणारे फोटोसुद्धा बागेत खुर्च्या-पडदे मांडून काढलेले आहेत.

आता मला खुपलेली गोष्ट. पाद्र्यांच्या फोटोंखाली नाव, हुद्दा, गाव, सगळं आहे. बायकांच्या बऱ्याच फोटोंखाली नुसतं "न्यूहेवनची मासेवाली". काहींचीच नावं राहिलीत, त्यातली एक मिसेस एलिझाबेथ (जॉन्स्टन) हॉल. टोपलीला हात लावून, नजर खाली वळवून उभी आहे. तिच्यापाशी मी बराच वेळ होते.

तेव्हापासून शोधायचे शब्द बदलले. किल्ट, कासल बंद. क्रील (पाठीवरची टोपली), क्लोज (दोन उंच इमारतींमधला बोळ), पीट (जळणाची दलदली माती), शीलिंग (उन्हाळ्यात गुरं वर चरायला नेल्यावर राहायची झोपडी). कामाचा शब्द टाकला की कामाची माणसं येतात. तुमच्याकडे असे शब्द असतील तर सांगा.

मेथांबा | 12 जुलै, 23:02

वाचतेय. पायाला आराम द्या, बोटांना नको. :)
स्पेलिंगं सांगा ना, मी क्रीलला के लावून बसले आणि भलतंच काहीतरी आलं.

दगडफूल | 12 जुलै, 23:10

सी आर ई ई एल. शीलिंग म्हणजे एस एच आय ई एल आय एन जी, त्यात आय आधी. नॅशनल गॅलरीच्या साइटवर हिल-ॲडमसन पोत्याने आहेत, ग्लासगो विद्यापीठाकडेही. तिथून सुरुवात करा.

वाऱ्यावरची_वरात२ | 13 जुलै, 03:31

(डंडीहून, म्हणून अवेळी.) मी इथे आठ वर्षं आहे आणि धागाकर्तीने तीन आठवड्यांत पाहिलं तेवढं मी पाहिलेलं नाही. लाज वाटून लिहितोय.

शब्द हवाय ना? "हेरिंग" (एक मासा) टाका आणि पुढे "गटर्स", म्हणजे मासे साफ करणाऱ्या पोरी. हेरिंगच्या हंगामात शेटलंडपासून पार इंग्लंडातल्या यार्मथपर्यंत मासे जसजसे दक्षिणेला सरकत, तसतशा या पोरी त्यांच्या मागे जात. तिघींची एक टोळी. दोघी मासा फाडून आतडं काढणार, तिसरी पिंपात मिठाचे थर देत भरणार. तरबेज बाई मिनिटाला 60 पर्यंत मासे साफ करायची असं सांगतात. फोटो मोठा करून बोटं बघा. चिंध्या गुंडाळलेल्या दिसतील, कारण सुरी लागायची आणि जखमेत मीठ जायचं. काम नसेल तेव्हा त्याच बोटांनी विणकाम, रस्त्याने चालताना सुद्धा. बऱ्याचशा जणी लुईस वगैरे बेटांवरच्या, गेलिक बोलणाऱ्या. घर पहिल्यांदाच सोडलेल्या.

विक गावातल्या जॉन्स्टन कुटुंबाचा संग्रह जरूर बघा. तीन पिढ्यांनी 1863 ते 1975 एकाच गावाचे फोटो काढले, सुमारे 50,000 निगेटिव्ह शिल्लक आहेत. विक हे एके काळी हेरिंगचं युरोपातलं सर्वांत मोठं बंदर. हार्बरमध्ये होड्या इतक्या दाटलेल्या की पाणी दिसत नाही. ते लोक गावातच राहणारे होते, त्यामुळे समोरचा माणूस त्यांच्याकडे अनोळखी नजरेने बघत नाही. हा फरक विल्सनच्या फोटोंशेजारी ठेवला की लगेच कळतो.

माझ्या डंडीचं थोडक्यात: बंगालचा ताग इथे यायचा, देवमाशाच्या तेलाने मऊ करून कातायचा. गिरणीत बहुतेक बायकाच. घरी बसलेल्या नवऱ्यांना गाव "किटली उकळणारे" म्हणायचं. यंत्रांचा आवाज इतका की बायका ओठांवरून आणि हातवाऱ्यांनी बोलायच्या. आवाज फोटोत येत नाही, पण ते हातवारे काही फोटोंत आहेत असं मला वाटतं. बायको म्हणते मी काहीही बघतो.

खडूस_आजोबा | 13 जुलै, 09:15

लेख बरा आहे. पण दोन गोष्टी.

एक. किल्टला इतकं झटकून टाकू नका, तीही गोष्टच आहे. 1746मध्ये कलोडनच्या लढाईत हायलँडर (उत्तरेच्या डोंगराळ भागातले लोक) हरले आणि सरकारने त्यांच्या पोशाखावर बंदी घातली. 1782ला ती उठली. आणि 1822मध्ये राजा चौथा जॉर्ज एडिंबरोला आला तेव्हा कादंबरीकार वॉल्टर स्कॉटने असा काही थाट मांडला की ज्यांनी जन्मात किल्ट नेसला नव्हता तेही नेसून आले. स्वतः राजा किल्टमध्ये, खाली कातडीच्या रंगाचे घट्ट मोजे. पुढे व्हिक्टोरियाने हायलँडमधलं बालमोरल हे घर घेतलं आणि फॅशन पक्की झाली. विल्सनचे फोटो या नाटकाचा पुढचा अंक आहेत. तसे बघा, मग कंटाळा येणार नाही.

दोन, आणि हे महत्त्वाचं. फोटो 1840च्या आसपास सुरू झाले. हायलँडमधली गावंच्या गावं उठवून मेंढ्यांना जागा करून दिली, त्यातलं पुष्कळसं त्याच्या आधी. सदरलंडमध्ये स्ट्रॅथनेव्हरच्या खोऱ्यातून लोकांना काढलं ते 1814 आणि 1819 या सालांत. पॅट्रिक सेलर नावाच्या कारभाऱ्यावर घरं जाळल्याबद्दल 1816ला खटला झाला, तो निर्दोष सुटला. याचा एकही फोटो नाही, असूच शकत नाही. तुम्ही फोटोंवरून देश ओळखायला निघालात तर तुमच्या देशात ही माणसं नसणारच. रिकामं खोरं दिसेल आणि तुम्ही म्हणाल, "काय सुंदर!"

दगडफूल | 13 जुलै, 10:02

आजोबा, दुसरा मुद्दा बिनतोड. मी खरंच म्हटलं होतं "काय सुंदर". स्ट्रॅथनेव्हरलाच नव्हे, पण तसल्याच एका खोऱ्याला.

सहा_इंची | 13 जुलै, 11:48

फोटो नसेल तर नकाशा आहे! माझा विषय आल्यावर गप्प बसवत नाही.

एडिंबरोच्या राष्ट्रीय ग्रंथालयाची नकाशांची साइट उघडा. जगातल्या नकाशांच्या साइटींत तिला तोड नाही असं माझं मत आहे आणि मी ते बदलणार नाही. तिथे विल्यम रॉयची लष्करी पाहणी आहे, 1747 ते 1755. आजोबांनी सांगितलेल्या कलोडननंतर सैन्याला कळलं की या डोंगरांतल्या वाटाच आपल्याला ठाऊक नाहीत. म्हणून स्कॉटलंडची सगळी मुख्यभूमी मापली. मूळ नकाशा ब्रिटिश लायब्ररीत, पण पाहायला इथे मिळतो. डोंगर ब्रशने रंगवलेले, घरं छोट्या ठिपक्यांची, शेताच्या तासांच्या बारीक रेघा.

गंमत दोन खिडक्यांची. डावीकडे रॉय आणि उजवीकडे आजचं उपग्रहचित्र, किंवा वेगळ्या पानावर एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धातला ऑर्डनन्स सर्व्हेचा (सरकारी मोजणीखात्याचा) नकाशा, मैलाला 6 इंच या मापाचा (माझ्या आयडीचं रहस्य). एकीकडे माउस हलवला की दुसरीकडेही हलतो. रॉयकडे जिथे घरांचा पुंजका, तिथे शंभरेक वर्षांनी मोजणीदाराने बारीक अक्षरांत "रुइन्स" लिहिलेलं असतं. आजच्या चित्रात पाहिलं तर गवतात भिंतींचे चौकोन अजून उमटलेले. संध्याकाळी मी एकाच खोऱ्यात नदीच्या कडेकडेने वर गेलो आणि नऊ "रुइन्स" मोजली. मग चहा गार झाला म्हणून थांबलो.

आकाशातून बघायचं तर एडिंबरोतच हवाई छायाचित्रांचा राष्ट्रीय संग्रह आहे, तीन कोटींच्या वर चित्रं. पण त्यात शिरलात तर प्लास्टर निघेपर्यंत बाहेर येणार नाही.

खडूस_आजोबा | 13 जुलै, 12:20

हे चांगलं सांगितलंत.

पैठणीची_घडी | 13 जुलै, 15:36

माझा शब्द: "टर्की रेड". म्हणजे तुर्की लाल.

ग्लासगोच्या वायव्येला लेव्हन नदीचं खोरं. पाणी मऊ, म्हणून तिथे रंगारी कारखाने उभे राहिले. हा लाल रंग करणं म्हणजे दिव्य होतं. मंजिष्ठेच्या जातीच्या मुळ्या, खवट तेल, तुरटी, शेण, आणि पुन्हा पुन्हा धुणं-वाळवणं. रंग मात्र असा बसे की उन्हाने जात नाही की धुण्याने. मग लालावर आम्लाने नक्षीपुरता रंग उडवायचा आणि त्या जागी पिवळा, निळा भरायचा. 1869नंतर मुळ्यांच्या जागी कारखान्यातलं अलिझरीन आलं.

हे सांगायचं कारण, त्यांचं मोठं गिऱ्हाईक आपण! मुंबई, कलकत्ता, मद्रासला ठाणच्या ठाण यायची. एडिंबरोच्या राष्ट्रीय संग्रहालयात त्या कारखान्यांच्या सुमारे 200 नमुनावह्या आहेत आणि त्यातले निवडक नमुने ऑनलाइन बघता येतात. मोर, हत्ती, वेलबुट्टी. स्कॉटिश नक्षीकाराने मोर काढलाय, पण मान जरा बदकासारखी वळलीये असं मला तरी वाटतं. ताग्यावर चिकटवायची रंगीत तिकिटं निराळीच, त्यांच्यावर आपल्या देवदेवता. लेव्हनच्या खोऱ्यातल्या कामगाराने ते तिकीट चिकटवताना काय म्हटलं असेल!

आणि पेझली. ग्लासगोजवळचं हे विणकरांचं गाव. काश्मिरी शालींची नक्कल मागावर करून इतकं गाजलं की आपल्या कोयरीला इंग्रजीत गावाचंच नाव पडलं. पदरावर कोयरी आमच्या आजीच्याही होती, तिला पेझली हा शब्द सात जन्मांत कळला नसता. तिथल्या संग्रहालयात हजाराच्या वर शाली आहेत. दुकानदार मला "मॅडम, पेझली प्रिंट" म्हणून दाखवतो तेव्हा मी मुद्दाम मोठ्याने "कोयरी का?" विचारते.

मेथांबा | 13 जुलै, 15:50

घडीताई, +१ कोयरीला.

लोको_परळ | 13 जुलै, 20:11

नमस्कार. मी परळ वर्कशॉपातून निवृत्त. टायपिंग हळू आहे, सांभाळून घ्या.

अप्रेंटिस असताना वाफेच्या इंजिनांवर पितळी पाट्या पुसायचं काम आमच्याकडे असे. काही पाट्या पत्त्यातल्या चौकटच्या आकाराच्या. नॉर्थ ब्रिटिश लोकोमोटिव्ह कंपनी, ग्लासगो. चौकट कशाला असा प्रश्न तेव्हा पडला नाही. चाळीस वर्षांनी उत्तर मिळालं. 1903मध्ये तीन कारखाने एकत्र होऊन ही कंपनी झाली. चौकट ही त्यातल्या क्वीन्स पार्क कारखान्याची खूण, हाइड पार्कची पाटी गोल.

ग्लासगोच्या संग्रहांत (मिचेल लायब्ररीचा आहे, ग्लासगो स्टोरी नावाचा आहे) स्प्रिंगबर्न आणि फिनिस्टन असे दोन शब्द घाला. कारखान्यातून क्लाइड नदीपर्यंत इंजिन शहराच्या रस्त्यातून ओढत न्यायचे. दोन्ही बाजूंना दुकानं, फुटपाथवर पोरं आ वासून उभी. धक्क्यावर 175 टनी क्रेन, तिच्या दोरांना इंजिन टांगलेलं, खाली जहाज. ती क्रेन अजून उभी आहे, काम करत नाही. कंपनी 1962ला बुडाली, डिझेलकडे वळायला उशीर केला.

आमच्याकडे इंजिन यायचं ते काम करायला. ते असं हवेत लोंबकळत निघालं होतं, हे फोटोत पाहिलं तेव्हा चष्मा काढून पुसला.

दगडफूल | 13 जुलै, 20:30

काका, तुम्ही हळूच टाइप करा. पण अजून लिहा.

चाळ_नंबर_सात | 13 जुलै, 23:27

मुंबईचा आणखी एक धागा. नगररचनाकार पॅट्रिक गेडिस. जन्म बॅलटर, 1854. मुंबई विद्यापीठात 1919 ते 1924 समाजशास्त्राचे प्राध्यापक, आपले समाजशास्त्रज्ञ घुर्ये सुरुवातीला त्यांच्याच वर्गातले. एडिंबरोच्या जुन्या शहरात 1887च्या सुमारास गेडिस नवराबायको मुद्दाम झोपडपट्टीवजा इमारतीत राहायला गेले. स्वतः भिंती रंगवल्या, आजूबाजूच्यांना सोबत घेतलं.

त्याच्या आधी ग्लासगोत काय झालं ते बघा. 1866च्या कायद्याने जुनी वस्ती पाडायची ठरली आणि पाडण्याआधी नोंद म्हणून टॉमस ॲननला फोटो काढायला लावले, 1868 ते 1871. हेच ते "क्लोज". दोन माणसं जेमतेम मावतील असे बोळ, मधून गटार, वर वाळत घातलेले कपडे. प्रकाश कमी म्हणून वेळ जास्त लागायचा, त्यामुळे जी पोरं हलली त्यांचे नुसते धुरकट डाग उरले. भिंती कशा लख्ख आल्यात, आणि राहणारे धूसर. ॲननचे फोटो अप्रतिम आहेत यात वाद नाही. पण ते ज्यांनी काढून घेतले त्यांना वस्ती पाडायची होती, हे विसरून बघू नये.

गेडिसचं म्हणणं उलटं. सगळं पाडू नका, सडका भाग तेवढा काढा, विहीर-अंगण ठेवा. हेच त्यांनी हिंदुस्थानात गावोगाव सांगितलं. 1914मध्ये शहरांचं आपलं प्रदर्शन, नकाशे-फोटोंसकट, त्यांनी मद्रासला जहाजाने पाठवलं आणि ते क्लॅन ग्रँट जहाज जर्मनांच्या एम्डेन युद्धनौकेने बुडवलं! मित्रांनी नवं साहित्य जमवून दिलं आणि 1915च्या जानेवारीत मद्रासला प्रदर्शन झालं. एडिंबरो विद्यापीठाकडे गेडिसच्या प्रदर्शनांचं साहित्य आहे, जुन्या एडिंबरोचे फोटोही. बुडालेले कोणते होते, असा विचार मनात आल्याशिवाय राहत नाही.

झब्बू | 14 जुलै, 08:05

एक व्यावहारिक सूचना. आमच्या छोट्या दिवाळी अंकात मी असाच एक परदेशी फोटो "जुनाच तर आहे" म्हणून छापला होता. कुठल्या संस्थेचा ते सांगत नाही. चार महिन्यांनी नम्र भाषेत बिल आलं, अंकाच्या मानधनाच्या तिप्पट. फोटो जुना असला तरी त्याच्या स्कॅनला अटी असू शकतात. चित्राखालची ओळ वाचा. राष्ट्रीय ग्रंथालयाचे बरेचसे जुने नकाशे श्रेय देऊन वापरता येतात, सगळीकडे तसं नसतं.

वाऱ्यावरची_वरात२ | 14 जुलै, 13:40

दुव्यांबद्दल पण सांगतो. जुन्या लेखांत स्क्रॅन आणि कॅनमोर ही ऑनलाइन संग्रहांची नावं सापडतील. स्क्रॅन 1996 पासूनचं, मोठी चित्रं बघायला वर्गणी लागायची. कॅनमोरमध्ये इमारती आणि पुरातत्त्व. ही दोन्ही 2025मध्ये ट्रोव्ह डॉट स्कॉट या नव्या घरात हलवली. जुना दुवा मेला म्हणून चित्र गेलं असं समजू नका, नव्या जागी नावाने शोधा. हायलँडसाठी "आम बाले" ही साइट बघा, गेलिक आणि इंग्रजी दोन्हींत.

दगडफूल | 15 जुलै, 21:55

तुम्ही सांगितलेलं सगळं बघतेय, एक-एक करून. मधे सेंट किल्डाला अडकले.

अटलांटिकमधला बेटांचा पुंजका, त्यातलं वस्तीचं बेट हर्टा. लोक समुद्रपक्ष्यांवर जगायचे, कड्यांवर अनवाणी उतरून फुलमार आणि गॅनेट पकडायचे. दगडाच्या छोट्या कोठ्यांत पक्षी वाळवायचे. त्यांना क्लीट म्हणतात, त्या एका बेटावर हजाराच्या वर. विल्सनच्या कंपनीनेही इथले फोटो विकले, त्यात सगळ्यांत प्रसिद्ध "संसद": गावातले पुरुष रस्त्यावर ओळीने उभे. रोज सकाळी जमून आज काय काम करायचं ते ठरवत. 29 ऑगस्ट 1930ला उरलेली 36 माणसं सरकारी जहाजाने निघाली. आपणच अर्ज केला होता. तरणी माणसं निघून गेली होती, आजारपणात डॉक्टर पोहोचत नव्हता.

"संसद" बघून झाल्यावर मी बायका शोधल्या. त्या घराच्या दाराशी आहेत, पाठीवर ओझी घेऊन वाटेवर आहेत, पर्यटकांना मोजे विकताहेत. संसदेत एकही नाही.

भाचीला सांगितलं, एडिंबरोला गेलीस तर कॅल्टन टेकडीवर रॉक हाउस बघून ये. ती गेली. "मावशी, कोणाचं तरी राहतं घर आहे, फाटक बंद." मग बंद फाटकाचाच फोटो पाठवला. खाली काही लिहिलं नाही, म्हणून मी दटावलं: तारीख, जागा, कोणी काढला, लिही आधी.

मेथांबा | 16 जुलै, 00:12

क्रील टाकलं. आता बारा वाजून गेलेत. नवऱ्याने विचारलं इतक्या रात्री काय बघतेस, म्हटलं मासे. तो म्हणाला, उद्या आणतेस का?